चार गाणी उकळलेली कात्री

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते, हे माझ्या घरच्यांना पाठ आहे. उभी हयात दवाखान्यात गेली. मेलेली माणसं पुष्कळ पाहिली, त्यातलं एकही परत आलेलं पाहिलं नाही. या सदरातले अनुभव वाचतानासुद्धा "पित्त झालं असेल मेल्याला" म्हणून पान उलटणारी मी. तरी एक गोष्ट लिहायची राहून गेलीय, आणि आता वय असं की राहिली तर राहिलीच. ती आठवली की मला भीती वाटत नाही... रडू येतं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा मिळून चांदाच. मी नागपूरला मिडवाईफचा कोर्स केला आणि एटापल्लीच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका गावातल्या सरकारी दवाखान्यात लागले. कौलारू इमारत, पुढे पडवी, तीन खोल्या – एक औषधांची, एक माझी, आणि मागची फरशीची, बाळंतपणाची. डॉक्टरसाहेब महिन्यातून एकदा यायचे, नदीला पाणी असलं तर तेही नाही. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे मी आणि जुरीबाई.

जुरीबाई झाडणारी. गोंडाची, चाळिशीची, कपाळावर गोंदण. कोसभर आतल्या टोल्यावरून, म्हणजे पाड्यावरून, रोज चालत यायची. मी रुजू झाले त्या दिवशी माझ्या स्वागताला म्हणून तिनं बाळंतपणाची खोली शेणानं सारवून ठेवली होती. चांगल्या फरशीवर शेण! मी बाविशीची, नाकावर राग. आकांडतांडव केलं. ती शांतपणे म्हणाली, "शेनानं घर साजरं दिसते बाई. तुमच्या घरी नाई सारवत काय?"

माझी आई रोज सारवायची. "इथं फक्त फिनेल," एवढंच म्हटलं. तिनं बाटली हुंगली. "बाप्पा! याच्या वासानं देव बी पळून जाईन." पण दुसऱ्या दिवसापासून खोलीत फिनेलच.

नाळ कापायची कात्री वीस मिनिटं उकळायची असते, हे शिकवताना खरी पंचाईत झाली. "वीस मिंटं म्हनजे किती, बाई?" घड्याळ एकच, माझ्या मनगटावर. मग मी विचारलं, एखादं लांबलचक गाणं येतं का? तिला धान रोवणीचं एक गोंडी गाणं येत होतं. मी घड्याळ लावून बसले, ती गायली – पूर्ण गाणं पाच मिनिटांचं. म्हणजे चार वेळा. झालं! त्यानंतर घड्याळ लागलंच नाही. मी पडवीतून ओरडायची, "किती झाली?" आतून उत्तर, "तीन झाले, बाई!" चार झाल्याशिवाय ती डेकच्याचं झाकण काढायची नाही, मग बाहेर कोणी बोंबलत का असेना.

दोन वर्षं अशी गेली. मग जुरीबाईची एकुलती एक मुलगी रैनी पहिलटकरीण झाली. टोल्यावरच्या लोकांचा विरोध होता, तरी तिनं पोरीला दवाखान्यात आणली. "माही बाई हाये तिथी," असं सगळ्यांना सांगून आणली.

त्याच दिवशी अस्वलानं फाडलेला एक माणूस पडवीत आणून टाकला. रक्ताचं थारोळं. मी त्याच्या दंडाला पट्टी आवळतेय आणि आत रैनीला कळा. पोरगं झालं, छान रडलं. माझं अर्धं लक्ष बाहेर. मी कात्रीसाठी हात पुढे केला.

"बाई, दोनच झाले. दोन गाने बाकी हायेत."

"राहू दे. उकळलंय ते. दे इकडे!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. झाकण काढलं.

आठव्या दिवशी बाळ दूध ओढेना. जबडा मिटला, अंग धनुष्यासारखं ताठ झालं. संध्याकाळपर्यंत गेलं. धनुर्वात.

त्या आठवड्यात डॉक्टरसाहेब आले. खोली पाहताना त्यांना उंबऱ्यावर वाळलेलं शेण दिसलं. नातू येणार म्हणून जुरीबाईनं उंबऱ्यावरून तेवढा एक शेणाचा हात फिरवला होता. फरशीला लावलं नव्हतं हो, तेवढं तिनं पाळलं होतं. पण शुभाच्या दिवशी उंबरा कोरडा कसा ठेवायचा?

"हे कोणी लावलं?"

"मी लावलं, साहेब."

"मग तूच मारलंस नातवाला."

ती खाली मान घालून उभी राहिली. मी शेजारी होते. हाताच्या अंतरावर. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मी उघडलं नाही. नागपूरला विधवा आई माझ्या पगारावर होती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं कारण एवढंच की मी घाबरले. पुढे मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं, धनुर्वात कशानं झाला हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, त्याचे जंतू फार चिवट. असेल. पण त्या क्षणी मला माझी घाई माहीत होती आणि मी ती गिळली.

त्यानंतर जुरीबाई रोज तो उंबरा विटकरीनं घासायची. मग चुना, मग फिनेल. हाताला भेगा पडल्या. मी व्हॅसलीन दिलं तर म्हणाली, "राहू द्या बाई, पेशंटले लागते." कात्री उकळताना मोठ्यानं गाणंही बंद झालं, नुसते ओठ हलायचे. मी रोज ठरवायची, उद्या सांगते. पावसाळा गेला, धान कापून झालं, थंडी पडली... माझा उद्या काही उजाडला नाही.

थंडीत तिला ताप भरला, यायची थांबली. पाचव्या दिवशी मी बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली – दुसरी किल्ली नव्हतीच – आणि सकाळी बैलगाडीनं एका खेड्यात बाळंतपणाला गेले. येताना तिच्या टोल्यावर जायचं, आज सांगायचंच, असं पक्कं केलं होतं. पण वाटेत निरोपानं गाठलं की दवाखान्यात अडलेली बाई आलीय. गाडी तशीच दवाखान्याकडे वळवली. पोचायला दुपारचे तीन झाले.

पडवीत लांबच्या गावातली एक कुणबी सून कण्हत होती. सासू माझ्यावर तडकली, "कवापासून बसून राह्यलो आमी! तुमची ते बाई तर आत बी येऊ देत नाई."

"कोण बाई?"

"झाडणारी असन. म्हने, उंबऱ्यावर पाय नोका देऊ, ओला हाये. आन् आत एकच गाना म्हनून राह्यली. चार डाव तेच! मी म्हटलं, काऊन वं, दुसरा येत नाई काय तुले?"

कुलूप जसंच्या तसं होतं. मी उघडलं. फरशी ओली. फिनेलचा वास. डेकच्याचं झाकण हाताला चटका बसावा इतकं गरम, आणि ट्रेमध्ये पांढऱ्या फडक्यावर कात्री, दोरा, चिमटा ओळीनं मांडलेले. कात्रीवरून अजून वाफ निघत होती. मागची खिडकी आतून बंद.

मला वाटलं, बरं वाटलं म्हणून आली असेल. कुलपाचा विचार करायलाही वेळ नव्हता. त्याच कात्रीनं नाळ कापली. पोरगी झाली, धडधाकट.

दुसऱ्या दिवशी टोल्यावरचा माणूस आला. जुरीबाई काल उजाडतानाच गेली. दुपार व्हायच्या आत मातीही दिली.

मी त्या सासूला किती वेळा विचारलं असेल! कपाळावर गोंदण? होय. हात कसे होते? "फाटले होते वं बाई, उन्हाळ्यातल्या धानाच्या बांधीसारखे." जुरीबाईला ती त्याआधी ओळखतही नव्हती.

चार दिवसांनी मी रैनीकडे गेले. आईला नाही तर निदान लेकीला सांगावं म्हणून. तिच्यासमोर खाली मातीत बसले आणि सगळं सांगून टाकलं – दोनच गाणी झाली होती, मी घाई केली, साहेबांसमोर गप्प बसले.

रैनीनं माझ्याकडे चटई सरकवली. मग म्हणाली, "आईले मालूम होतं, बाई. गाने तर आईच मोजे ना."

"मग साहेबांना सांगितलं का नाही तिनं?"

"मी बी हेच पुसलं. तं म्हने, त्या पोरीले काढून टाकलं, तं इथी दुसरी कोन येईन? तुया पुढच्या लेकराले कोन पाहीन?"

त्या बंद खोलीत कोण आलं होतं, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. कुलूप, किल्ली, खिडकी, सगळ्याचा विचार करून झाला. कोणाला सुचलं तर जरूर कळवा, मी भांडणार नाही. पण मला जाळतं ते निराळंच. तिला माहीत नाही, असं समजून मी सगळा पावसाळा तिच्या भेगाळलेल्या हातांकडे पाहत राहिले. आणि तिला सगळं माहीत असूनही ती रोज सकाळी येऊन मला विचारायची, "जेवल्या काय, बाई?"