मध्यंतरानंतरच्या सिंधूकाकू

घाटंजीच्या टॉकीजमध्ये सिंधूकाकूंनी उमेदीची सगळी वर्षं काढली, पण एकाही पिक्चरची सुरुवात त्यांनी पाहिली नव्हती. त्या लेडीजच्या दारावर असायच्या. तिकीट फाडायचं, उशिरा येणाऱ्या बायकांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, लेकरू रडायला लागलं की आईसकट त्याला बाहेर न्यायचं, यातच पहिला अर्धा भाग सरायचा. मध्यंतरानंतर कोणी येत नसे. मग त्या दार ओढून घेऊन स्टुलावर टेकायच्या आणि उरलेला पिक्चर बघायच्या. त्यामुळे त्यांच्या लेखी पिक्चर म्हणजे भांडणं, ताटातूट आणि दवाखाना.

आमचं नेमकं उलटं. आम्ही खेड्यांवरून कॉलेजला येणाऱ्या मुली. गावाकडे जाणारी शेवटची गाडी दुपारचा शो अर्धा झाला की सुटायची, त्यामुळे मध्यंतराची घंटी वाजली की बॅगा उचलून स्टँडकडे पळायचं. प्रेम कसं जमतं हे आम्हाला तोंडपाठ होतं. पुढे त्याचं काय होतं, ते दुसऱ्या दिवशी काकूंना विचारायचं. टॉकीजसमोरच्या हापशीवर पाणी भरता भरता त्या एका वाक्यात उरकायच्या, "तो गेला पुण्याले, पोरगी राह्यली इथंच." भाजी महाग झाली हे ज्या सुरात सांगावं, त्याच सुरात.

उंच, हडकुळी बाई. साडीवर टॉकीजचा खाकी शर्ट. हसल्या तरी थकल्यासारख्याच दिसायच्या. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझं आणि अमोलचं जमलं. तो पलीकडच्या गावचा, त्याच गाडीने येणारा. जात वेगळी. परीक्षा झाली की पळून जाऊन लग्न करायचं असं आमचं ठरलं होतं. घरी कळलं असतं तर बाबांनी दुसऱ्या दिवशी माझं कॉलेज बंद केलं असतं, म्हणून मी कुणालाही सांगितलं नव्हतं. काकूंना न सांगताच कळलं. तो जेंट्समध्ये बसायचा आणि मध्यंतरात लेडीजच्या दाराशी येऊन माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी द्यायचा, ते त्या दर वेळी बघत होत्या.

अशात एक पिक्चर लागला. कॉलेजातली दोन पोरं, त्यांचं प्रेम. त्याचा पहिला अर्धा भाग मी दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकूंनी दारातच माझा हात धरला.

"ह्या डाव पुरा पाय. त्यालेबी थांबव."

गाडी जाईल, मी म्हटलं.

"जाऊ दे ना. गाडी गेल्यावर पोट्टा काय करते, ते पाय. म्या नोतं पाह्यलं."

मध्यंतरात मी अमोलला सांगितलं की आज मी थांबणार आहे. तो आधी हसला. मग त्याने घड्याळ पाहिलं. वडील फाट्यावर घ्यायला येतात, दोघंही गाडीत नसलो तर लोक काय म्हणतील, असं बरंच काही बोलला. उद्या बोलू, म्हणाला, आणि गेला. पुडी द्यायचीही राहिली. तो वाईट नव्हता, घाबरला होता. पण घाबरले तर मीही होते.

मी काकूंच्या स्टुलाशी खाली बसून पहिल्यांदा एखाद्या पिक्चरचा शेवट पाहिला. पडद्यावरची ती दोघं शहरात खोली घेतात, दुधावरून भांडतात, अबोला धरतात, आणि शेवटी तोच तिला स्टँडवर सोडायला येतो. मी हमसून रडले. काकूंनी समजूत घातली नाही. "नाक पूस, चाल," एवढंच म्हणाल्या. कँटीनच्या फोनवरून त्यांनी बाबांना कळवलं की पोरीची गाडी चुकली, आज माझ्याकडे राहील.

त्यांची एक खोली टॉकीजच्या मागेच होती. बाजेवर नवरा, एक अंग लकव्याने गेलेलं. हा माणूस एकेकाळी टॉकीजचे बोर्ड रंगवायचा. त्याच्यासाठी काकू बाभुळगावचं घर सोडून आल्या आणि माहेर कायमचं तुटलं. पुढे तो पीत गेला, मग पडला. काकू त्याला भात भरवत होत्या, तोंड पुसत होत्या आणि एकीकडे त्याला बोलतही होत्या. मला राहवलं नाही. पस्तावा होत नाही का, मी विचारलं.

"पस्तावा कराले बसाले लागते, पोरी. मले बसाले कुठं भेटते?"

दुसऱ्या दिवशी अमोल आला, माफी मागितली. मी ऐकून घेतलं, पण गाडीत त्याच्या शेजारी बसले नाही. पुढे कितीतरी दिवस आंघोळीच्या नावाखाली रडायचे. शहाणी झाले म्हणून दुःख कमी होत नाही.

आता मी यवतमाळला शिकवते. संसार आहे, पाठदुखी आहे. नवरा भांडतो, पण थांबतो. टॉकीज करोनात बंद पडली ती पडलीच. काकूंचा नवराही त्याच सुमारास गेला.

गेल्या उन्हाळ्यात काकू इथल्या दवाखान्यात असल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. खाटेवर पार मिटून गेल्या होत्या. छताकडे बघतच म्हणाल्या, "तो पिक्चर पाह्यला होता ना आपुन. त्याची सुरुवात काय होती वं?"

मी सांगायला लागले. मेसमध्ये त्याच्या हातून तिच्या ताटात वरण सांडतं, मग तो तिच्यासाठी शेंगदाणे घेऊन मैदानाशी उभा राहतो, ती आधी बघतसुद्धा नाही, आणि एक दिवस बघते. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. चेहऱ्यावर हसू होतं, आणि पहिल्यांदाच ते थकलेलं नव्हतं.

"आमचंबी असंच होतं," त्या म्हणाल्या. "एका बोर्डावर हिरोइनच्या जागी माह्यंच तोंड काढलतं त्यानं. चौकात लागलं होतं. कोनाले समजलं नाई."

मी पुढे सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"बस, इथंच थांब. पुढचं मले माईत हाये."