पंचवीस-पस्तीसचा अर्ज

तहसील कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एकोणीस वर्षे अर्ज लिहिले. दहावीच्या पुढे माझे शिक्षण नाही, हे मी लपवत नाही. परंतु माझा अर्ज वाचता वाचता खुर्चीत सावरून बसलेले नायब तहसीलदार मी पाहिले आहेत. पुढे पत्नीला डब्लिनजवळच्या टॅला येथील मोठ्या रुग्णालयात परिचारिकेची नोकरी लागली, आणि मी टेबल, टंकलेखन यंत्र व अशील मागे ठेवून इकडे आलो. इकडच्या गणेशोत्सवात माझी ओळख 'सिस्टरांचे मिस्टर' अशी करून दिली जाते, आणि लोक हसतात. डब्लिनच्या ल्यूकन भागातले इंजिनिअर आणि डून लेरी भागातले डॉक्टर यांना गावाकडच्या सातबाऱ्यावर वारसनोंद करायची असली की मात्र ते याच मिस्टरांच्या दारी येतात. तेवढ्यापुरता मी काका होतो.

माझ्या कामाची बूज राखणारा एकच मनुष्य या देशात मला भेटला. ते म्हणजे आमचे शेजारी. वसाहत जिथे संपते आणि डोंगराचा चढ लागतो, तिथे त्यांचे जुने घर आहे. वय सत्तरीच्या पुढे, पत्नी निवर्तलेली. ते मला 'काउन्सेलर' म्हणत. इकडे मोठ्या वकिलाला तसे म्हणतात. त्यात थट्टा किती होती, याचा तपास मी केला नाही.

त्यांच्याकडे एक रायफल होती. अमेरिकेत लाकूडतोडीला गेलेल्या चुलत्याने परत येताना आणलेली. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून वर नेली की रिकामी पुंगळी बाहेर उडे आणि नवे काडतूस आत बसे. त्या काडतुसाचे नाव पंचवीस-पस्तीस. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा मुळात भरत त्या दारूच्या वजनाचा, असे त्यांनी मला स्वयंपाकघराच्या टेबलावर एक काडतूस उभे करून समजावले. ते करंगळीहून बारीक होते. बुडाला कड, तिथून वर निमुळते होत गेलेले पितळ, आणि माथ्यावर बोथट शिसे.

"टोक का नाही?" मी विचारले.

"रायफलीच्या पोटाखालच्या नळीत एकामागे एक झोपतात ना. टोक असतं तर पुढच्याच्या बुडाला टोचून बार उडाला असता, आणि मग सगळ्यांचीच झोपमोड." ते हसले. "शेजाऱ्याची काळजी घेणारं काडतूस आहे, काउन्सेलर."

हे काडतूस चुलत्याने तिकडच्या रानात हरणांसाठी वापरले होते. आता ते कोणी मागत नाही. दुकानदार वर्षातून एखादी पेटी परदेशातून मागवून देई, तीही कुरकुरत. नव्या बंदुका तीन शेतांपलीकडून हरीण पाडतात. याने पाडायचे तर हरणाचा श्वास ऐकू येईल इतके जवळ जावे लागते.

"आणि इतकं जवळ गेलं की," ते म्हणाले, "मारावंसंच वाटत नाही. मी एकदा गेलो होतो. ते माझ्याकडे बघत राहिलं, मी त्याच्याकडे. मग दोघंही आपापल्या घरी."

त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या कुठल्याही रायफलीचा धक्का तो खांदा सोसत नसे. हिचा धक्का कोणी 'चल' म्हणून खांद्यावर हात ठेवावा इतकाच. रविवारी ते नेमबाजीच्या मैदानावर जात, कागदावर पाच गोळ्या झाडत आणि चहा पिऊन परत येत. मी दोनदा सोबत गेलो. आवाजही मोठा नव्हता. इतरांच्या बंदुका गरजत होत्या, आणि ही आपले म्हणणे मांडून गप्प बसत होती. मला ती आवडली. जुन्या पद्धतीने, बेताच्या जोरात, नेमके काम करणारी वस्तू मला का आवडावी, हे ज्याने माझ्या शेडमधले टेबल पाहिले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

परवान्याचे नूतनीकरण आले तेव्हा अडचण उभी राहिली. इकडे बंदूक कशासाठी हवी, याचे सबळ कारण पोलीस अधीक्षकांना पटवावे लागते. आजवर ते 'कोल्ह्यांपासून मेंढ्यांचे रक्षण' असे लिहीत. मेंढ्या त्यांनी आदल्या वर्षी विकल्या होत्या. मैदानाच्या सचिवाने दिलेले चार ओळींचे पत्र घेऊन ते माझ्याकडे आले.

"खरं आहे तेच लिही. रविवारी कागदावर मारतो. आणि मला ती आवडते."

"आवड हे कारण नव्हे," मी म्हणालो. "आवडीवर कुठल्याही कचेरीने आजवर काही दिलेले नाही."

"मग तुझं काम, तुला कळतं."

मी विचार केला. आमच्याकडे शेतातल्या वाटेचा हक्क मागायचा असेल तर अर्जदार ती वाट किती वर्षे वापरतो आहे, हे प्रथम मांडतात. यालाच वहिवाट म्हणतात. अखंड, उघड, वर्षानुवर्षांची वहिवाट लिहिली की समोरचा निम्मा हरलेला असतो. बंदूक हरणांची, चुलता हरणांचा शिकारी. मेंढ्यांची जागा हरणांनी घ्यावी, हे मला ओघाने सुचले. मी मराठीत सांगत गेलो, आणि पत्नी ड्यूटीवरून येऊन, गणवेशातच, इंग्रजीत टंकित करत गेली. "सबब अर्जदार हे गेली चाळीस वर्षे अखंडपणे व उघडपणे सदर रायफलीने हरणांची शिकार करीत आले असून..."

तिचे हात थांबले. "अहो, यांनी हरीण मारलंय का कधी?"

"मारलं नसलं म्हणून काय झालं? मारता आलं असतं."

"ते काय म्हणाले होते?"

"ते काय म्हणाले हे लिहायचं असतं तर ते स्वतःच लिहिते. तू टाइप कर."

तिने केले. दुसऱ्या दिवशी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांचा चष्मा खिडकीत पडला होता. "ग्रँड," म्हणजे इकडचे 'झकास', असे म्हणून त्यांनी न वाचताच सही ठोकली. मैदानाचे पत्र मी जोडलेच नाही. दुबळा पुरावा सबळ अर्जाला खाली ओढतो, असे माझे मत होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. ते पाकीट घेऊन शेजारी आमच्याकडे आले आणि पत्नीने पत्र वाचून दाखवले. हरणासाठी काडतुसात किती जोर असावा हे इथल्या कायद्याने ठरवून दिले आहे; पंचवीस-पस्तीस त्यात बसत नाही. हरणांच्या शिकारीला निराळा परवानाही लागतो, आणि तो अर्जदाराने कधीही घेतलेला नाही. अर्जदार स्वतःच्या सहीनिशी चाळीस वर्षांचा कायदेभंग कबूल करतो. सबब परवाना नाकारण्यात येत आहे. खटल्याचा विचार वयाकडे पाहून तूर्त केलेला नाही.

पत्नीने किटली लावली.

"जिल्हा न्यायालयात अपील करता येते," मी म्हणालो. "मी लिहितो. तुम्ही हरणाला कधी हात लावला नाही, हे शपथेवर सांगा. मैदानाचे पत्र आहेच."

"आणि मग हा कागद कोणी लिहिला, असं विचारलं तर?"

मी पत्राची घडी घालून ते पाकिटात ठेवले. इथे मी कोण, अर्ज लिहिण्याचा माझा परवाना कोणता, माझे शिक्षण किती, हे न्यायालयात उभे राहून सांगण्याची माझी तयारी नव्हती. त्यांना ते दिसले असावे.

"राहू दे," ते म्हणाले. "शेजारी आहोत."

एवढ्या दोन शब्दांत त्यांनी मला वाचवले, आणि ते मला आजतागायत सहन होत नाही. त्यांनी ओरडायला हवे होते. आमच्याकडचा अशील कचेरीच्या दारात माझी कॉलर धरता, आणि प्रकरण तिथे मिटते. माझे अजूनही असे म्हणणे आहे की अर्जाची बांधणी निर्दोष होती. कायद्याच्या पुस्तकात वहिवाटीला स्थान नसेल, तर तो दोष माझ्या भाषेचा नव्हे. असे मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "चहा गार होतोय."

बंदूक दुकानदाराकडे जमा करायची होती, आणि सोबत चिठ्ठी हवी होती. त्यासाठी ते पुन्हा माझ्याकडेच आले. दुसऱ्या कोणाकडे गेले असते तर मला बरे वाटले असते. या वेळी मी माझ्या हाताने, माझ्या मोडक्या इंग्रजीत, ते सांगतील तसे लिहिले. 'ही रायफल आणि पंचवीस-पस्तीसची अकरा काडतुसे मी जमा करत आहे. ती मला आवडत असे.' दुसऱ्या वाक्यापाशी माझे पेन अडखळले. ते टेबलावर बोट ठेवून थांबून राहिले. मी लिहिले.

कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी पेन घेतले, खाली ठेवले, आणि कोटाच्या खिशातून चष्मा काढला. मग पहिल्या शब्दापासून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत, ते वाचू लागले.