शेवटच्या फेरीतला नारळ

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. बॉस्टनच्या उत्तरेकडच्या एका बंदरातून देवमासे दाखवायला नेणाऱ्या बोटीची ती मोसमातली शेवटची फेरी होती. तासाभरात निम्मे प्रवासी कठड्याला धरून ओकत होते.

"तिकीट काढून ओकायला येतात," काका म्हणाले.

माझे सख्खे काका महिन्यापूर्वीच दाभोळहून आले होते. तिथे त्यांनी तीस वर्षं मासेमारी केली होती. त्यांच्या कोटाच्या खिशात नारळ होता. नारळी पौर्णिमा कधीच उलटली होती, पण यंदा ते पहिल्यांदाच समुद्रावर निघाले होते आणि त्याला नारळ द्यायचा राहिला होता. मी हरकत घेतली नाही. ती माझी चूक.

एक मादी आणि तिचं पिल्लू बोटीपासून वीसेक फुटांवर वर आली. काकांनी नारळ कपाळाला लावून फेकला. नारळ पिल्लाच्या पाठीवर आदळला. मादीने शेपटी पाण्यावर आपटली. कप्तानाने चाक एकदम फिरवलं, बोट लाटेला आडवी झाली आणि माणसं एकमेकांवर कोसळली. लोखंडी बाकावर आपटून एका बाईचं कपाळ फुटलं. एका खलाशाने काकांची कॉलर धरून तोंडावर दोन ठोसे मारले. एक दात पडला. मी मध्ये पडलो, तेव्हा तिसरा ठोसा माझ्या खांद्यावर बसला.

कप्तान खाली आला. म्हाताऱ्याने मुद्दाम फेकलं का, एवढंच त्याने मला विचारलं. मुद्दाम असेल तर तो धक्क्यावर पोलीस बोलावणार होता. देवमाशाला मारणं हा गुन्हा होता. ॲक्सिडेंट होता, नारळ हातातून सटकला, असं मी सांगितलं. त्याने ते मान्य केलं.

काका रक्त थुंकले. "काय सांगितलंस त्याला?"

"सटकला म्हणून. आता गप्प बसा. नाहीतर आत टाकतील."

"मी दर्याला नारळ दिला. तो सटकला म्हणतोस?"

ते कप्तानासमोर जाऊन उभे राहिले. समुद्राला हात जोडले, मग हात मागे नेऊन फेकण्याची खूण केली, सावकाश, दोनदा. कपाळावर रुमाल दाबून बसलेल्या बाईकडे बोट दाखवलं आणि तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं.

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं. तो वर गेला आणि त्याने रेडिओ उचलला.

धक्क्यावर दोन पोलीस उभे होते. उतरताना मी काकांचा दंड धरला. त्यांनी माझा हात झटकला आणि ते एकटे पोलिसांकडे चालत गेले.