कडा काळ्या झालेली पुस्तकं

रोज संध्याकाळी वाचनालयाचं दार लावायच्या आधी रहेमतबी परत आलेली पुस्तकं घेऊन खिडकीशी बसायची. पुस्तक उघडायचं नाही. मिटलेलंच उजेडाकडे धरायचं आणि पानांची कड डोळे बारीक करून बघायची. वाचणाऱ्याच्या बोटांचा मळ कडेला लागतो. एखाद्या पुस्तकात तो पहिल्या वीस पानांवरच थांबलेला असायचा, पुढे सगळं पांढरंशुभ्र. ते पुस्तक मुकाट्यानं वरच्या खणात जायचं. ज्याची कड पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी काळपट, ते खालच्या खणात, हाताशी.

ती सातवी शिकलेली, तीही उर्दू शाळेत. मराठी वाचायची, पण ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. एक कादंबरी संपायला तिला अख्खा पावसाळा लागायचा. तिथं साडेतीन हजार पुस्तकं वाचून बरंवाईट ठरवणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून तिनं हे काम गावावर सोडलं होतं. गावानं वाचायचं आणि गावाच्या बोटांनी तिला कळवायचं.

गाव केजहून नांदूरघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. ग्रंथपाल बबनराव दोन वर्षांपूर्वी वारले, त्यांची जागा भरली गेली नाही. कागदावर रहेमतबी शिपाई होती, आणि झाडण्यापासून देवघेवीच्या वहीपर्यंत सगळं तीच बघायची. कुणी "चाची, एखादं चांगलं पुस्तक द्या" म्हणालं की ती विचारायची, "कुणासाठी? निवांत वाचणार का जेवता जेवता?" पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरीला तिनं खलाशाची कादंबरी दिली होती, आणि बायको गेल्यापासून घराबाहेर न पडणाऱ्या एका म्हाताऱ्याला विनोदी गोष्टी. दोन्ही कडा शेवटपर्यंत काळ्या होऊन परत आल्या.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. सोमवारी सकाळी ती कुलूप काढायला आली तर दार आधीच उघडं. आत सचिव अर्जुनराव सर बाह्या सरसावून पुस्तकांचे दोन भाग करत होते. कोऱ्या कव्हरांची पुस्तकं कपाटात, बाकीची जमिनीवर.

"शुक्रवारी तपासणी हाय," ते मान वर न करता म्हणाले. "मागच्या साली काय शेरा पडला, ध्यानात हाय का? पुस्तके मळकी व जीर्ण. यंदा पुन्हा तोच पडला तर मान्यता जाती. ही एकशे अठरा बाद करायची. समितीचा ठराव झालाय. गुरुवारी दुपारी रद्दीचा टेम्पो यील."

रहेमतबी ढिगापाशी खाली बसली. वर चांदण्या ओळखायचं पुस्तक होतं, त्याची पाठ तिनं तीनदा खळ लावून चिकटवली होती. त्याखाली शेळ्यांच्या दुखण्यांचं, बाळंतिणीच्या काळजीचं, भुताच्या गोष्टी, कवितांची दोन पातळ पुस्तकं, तो खलाशी, आणि शेवटची चार पानं गळालेली खुनाची गोष्ट. तिचा सगळा खालचा खण जमिनीवर आला होता. कपाटात उरले ते गौरवग्रंथ, अहवाल आणि भाषणांचे खंड. त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

"सर, ही लोकं वाचतेत."

"म्हणूनच मळली ना."

"मंग कावून टाकायची?"

"कारण तपासणीला लोकं येत न्हाईत, रहेमतबी. साहेब येतो."

"आन् यांच्या जागी?"

"सरकारी अनुदानातनं नवा गठ्ठा यील."

"गठ्ठ्यात काय असतं?"

"पुस्तकं असत्यात," ते चिडून म्हणाले.

अर्जुनराव वाईट माणूस नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी याच वाचनालयाचं पहिलं टेबल त्यांनी बैलगाडीतून आणलं होतं. मान्यता गेली तर या खोलीत खताची पोती पडतील, असं गावात उघड बोललं जात होतं, आणि त्या बोलण्यानं त्यांची झोप गेली होती. रहेमतबीला ते कळत होतं. त्यामुळे तिला भांडताही येईना.

तिनं बाद यादी लिहायला घेतली. एकेक पुस्तक उचलायचं, नंबर लिहायचा, बाजूला ठेवायचं. पन्नासाव्या-साठाव्या नंबराशी तिचा हात थांबला. एका गुरुजींनी आठ वर्षं एक पुस्तक परत केलं नव्हतं, तेव्हा ते वहीतून काढून टाकू या का, असं तिनं बबनरावांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "देवघेवीत गेलेलं पुस्तक बाद करता येत न्हाई. जे हातात न्हाई ते मोडीत कसं काढायचं?"

पुस्तकं गावात वाटून उपयोग नव्हता. सरांनी दवंडी दिली असती तर संध्याकाळपर्यंत सगळी परत आली असती. ती खिडकीशी गेली. समोर शाळेच्या मैदानात ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रक भरत होते. भांडी, पत्रे, पिठाची पोती, कोंबड्यांची खुराडी. मंगळवारी काही ट्रक जाणार होते, बुधवारी काही, गुरुवारी पहाटे शेवटचे. पाच-सहा महिने त्यांतलं कुणी गावाकडे फिरकणार नव्हतं.

मुकादम रामेश्वर ट्रकच्या फाळक्यावर बसून माणसं मोजत होता. तिचं ऐकून तो हसला.

"चाची, ऊस तोडायला चाललोय आमी, परीक्षेला न्हाई. माणसाला बसायला जागा न्हाई बे इथं... म्हंजी तुमाला न्हाई म्हणलो."

"पुस्तक बसायला जागा मागत न्हाई. पिठाच्या पोत्यात घाल. भिजत बी न्हाई."

"भाकरीत पानं निघाली म्हंजी?"

"वाचून खा."

रामेश्वरनं डोकं खाजवलं. "एका घराला एक. जास्त न्हाई. आन् मला कायतरी हाणामारीचं द्या."

बबनरावांच्या काळात घरोघरी सभासद-पत्रं झाली होती, ती आता कामाला आली. रहेमतबी वही, शाईचं पॅड आणि पिशवी घेऊन ट्रकमागं उभी राही. पुस्तक कुणालाही कसंही देणं तिला जमेना. वेळ निघून चालली होती, सर कधीही येतील अशी धास्ती होती, तरी ती प्रत्येकाला विचारी. कोण कोण चाललंय? वाचायला कुणाला येतं? पोरं बरोबर हायत का?

तात्याबाची ही शेवटची तोड होती, पुढच्या साली तो शेळ्या घेणार होता. त्याला शेळ्यांचं दिलं. ज्या घरात सून सातव्या महिन्यात कोयता धरायला निघाली होती, त्यांना बाळंतिणीचं. सासूनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "सहा बाळंतपणं केली मी," ती म्हणाली. रहेमतबी म्हणाली, "मंग चुका काढायला ठेव." मंगलच्या पोरीला, संस्कृतीला, चांदण्यांचं दिलं, कारण पुढचे सहा महिने ती पालाबाहेर आभाळाखाली झोपणार होती.

"चाची, रातच्याला पाठ टेकली की सपलं," मंगल म्हणाली. "वाचायचं कवा?"

"पाऊस आला की तोड बंद असती न? तवा."

मंगलच्या नवऱ्यालाही काहीतरी हवं होतं. एका घराला एक हा रामेश्वरचा नियम तिनं मोडला आणि खुनाची गोष्ट त्याच्या हातात ठेवली. "शेवटची पानं न्हाईत. खुनी कोण ते परत आणल्यावर सांगीन."

बुधवारी दुपारी अर्जुनराव अचानक आत आले. ढीग निम्म्याहून कमी झाला होता. टेबलावर वही उघडी होती. रहेमतबीनं ती मिटली आणि वर हात ठेवला. हात तिथंच राहिला.

"यादी झाली?"

"झाली."

त्यांनी यादीवर सही केली, टेबलावर टाकायची नवी चादर तिच्याकडे दिली, आणि भिंतीवरची जळमटं दाखवून निघून गेले. ढिगाकडे त्यांनी पाहिलं नाही. ते गेल्यावर रहेमतबीनं हात उचलला तर वहीच्या पुठ्ठ्यावर घामाचा पंजा उमटला होता.

गुरुवारी पहाटे शेवटच्या ट्रकांबरोबर उरलेली एकोणचाळीस पुस्तकं गेली. दुपारी टेम्पोवाला हैदर ताडपत्री सोडत आला, मागोमाग अर्जुनराव. खोलीत चादर होती, झाडलेली जमीन होती. ढीग नव्हता.

"पुस्तकं कुठंयत?"

तिनं वही त्यांच्यापुढे सरकवली. ते उभ्यानं वाचू लागले. नाव, सभासद क्रमांक, सही नाहीतर अंगठा. शेवटचा रकाना परतीच्या तारखेचा. तिथं एकशे अठरा वेळा एकच लिहिलं होतं: पट्टा पडल्यावर. कारखान्याचा ऊस संपून टोळ्या सुटतात त्याला इथं पट्टा पडला म्हणतात. लग्नं त्याच बोलीवर ठरतात, दुकानदारही तोच वायदा मानतो. रहेमतबीला दुसरं काही लिहायचं सुचलंही नव्हतं.

अर्जुनरावांनी वही मिटली. आवाज चढवला नाही. "पंधरा दिवसांची मुदत असती देवघेवीला. नुसती खोटी तारीख टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. तुमी तर लिहूनच दिलं."

"खरं तेच लिवलं, सर."

"बुडवलं तुमी मला."

हैदर दारात घुटमळत होता. "चाची, मग मी काय नेऊ?"

तिनं त्याला जुनी वर्तमानपत्रं दिली.

शुक्रवारी तपासणीसाठी आलेल्या बाई तरुण होत्या आणि फार कमी बोलत होत्या. त्यांनी कपाटं पाहिली, बाद यादी पाहिली, मग वही मागितली. एकेक पान उलटत त्या शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या. अर्जुनराव भिंतीकडे बघत होते.

"पट्टा पडल्यावर म्हणजे कधी?"

"मार्चात, न्हाईतर एप्रिलात," रहेमतबी म्हणाली. "ऊस सपंल तवा."

"ही माणसं खरोखर पुस्तकं घेऊन गेली आहेत, हे मला कसं कळणार? एकशे अठरा पुस्तकं बाद यादीत, आणि तीच एकशे अठरा चार दिवसांत देवघेवीला. ती रद्दीत विकली गेली आणि हे अंगठे नंतर उठवले, असं कुणीही म्हणेल."

हे रहेमतबीच्या मनातही आलं नव्हतं. बाईंनी वहीत बोट ठेवलं. "या मंगलबाई. फोन लावा. स्पीकरवर ठेवा."

बऱ्याच वेळानं फोन उचलला गेला. पलीकडे वारा, पाचटाची सळसळ.

"तुमच्याकडे वाचनालयाचं पुस्तक आहे का?" बाईंनी विचारलं.

अनोळखी शहरी आवाज तुझ्याकडे काय आहे म्हणून विचारतो, त्याला ऊसतोडीवरची बाई जे उत्तर देईल तेच मंगलनं दिलं. "न्हाई बाई. आमच्याकडं कुणाचं काय न्हाई."

अर्जुनरावांनी डोळे मिटले. बाईंनी पेन उचललं.

"मंगल," रहेमतबी फोनकडे वाकली. "मी हाय. चाची."

"अगं चाची, तू हायस का? मंग आधी बोलायचं की. मला वाटलं कुण्या हापिसातून हाय. हायत की दोन्ही. पोरीनं रातच्याला सात चांदण्या हुडकल्या, झोपूच देईना. आन् ह्यांनी वाचून काढलं ते खुनाचं, दोन रातीत. डोकं खातेत माझं. खून दिरानं केला का?"

"परत आणल्यावर सांगीन."

"एवढं सांग की. जेवण गोड लागंना त्यांना."

"न्हाई," रहेमतबी म्हणाली. "परत आणल्यावर."

बाईंनी फोन बंद केला. आणखी तिघांना लावले, तिन्ही वेळा आधी रहेमतबीला बोलायला सांगितलं. मग चहा न घेता निघून गेल्या. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे अर्जुनराव रोज येऊन बसत, पेपर वाचत आणि तिच्याशी बोलत नसत. पाकीट आलं तेव्हा त्यांनी ते फोडून आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. मान्यता राहिली होती. खाली दोन शेरे होते. बाद यादीतील पुस्तके देवघेवीत असल्याने यादी नामंजूर. परत आल्यावर त्यांची बांधणी करून घ्यावी. आणि दुसरा: वाचनालयाचे काम अर्हता नसलेल्या व्यक्तीकडे ठेवू नये.

अर्जुनरावांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "पुस्तकं परत येईस्तवर थांबा," ते म्हणाले. "कुणी काय नेलं ते दुसऱ्याला कळायचं न्हाई."

"शिपाई म्हणून ठेवतेत का, पुढं?"

"एकच पगार बसतो, रहेमतबी."

तिनं मान हलवली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रक परतले. पुस्तकं पिठाची, धुराची, उसाच्या रसाची होऊन आली. तात्याबा शेळ्यांचं पुस्तक डोक्याला बांधायच्या पटक्यात गुंडाळून घेऊन आला. बाळंतिणीच्या पुस्तकात सासूनं तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. मंगलच्या नवऱ्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि हलला नाही. रहेमतबीनं त्याला जवळ बोलावून खुनी कोण ते कानात सांगितलं. तो मटकन बाकावर बसला. एकशे पंधरा आली. एक पालाला आग लागली त्यात गेलं, एक दुसऱ्या टोळीतल्या माणसानं वाचायला नेलं ते नेलंच, आणि चांदण्यांचं संस्कृती देत नव्हती. रहेमतबीनं वहीत त्या तिन्ही नोंदींपुढे खरं काय ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी वर्षाराणी आली. गावातलीच, अंबाजोगाईला राहून ग्रंथालयाचा कोर्स केलेली. तिनं सोबत वही आणली होती आणि रहेमतबी सांगेल ते ती लिहून घेत होती. किल्ली घेताना तिला अवघडल्यासारखं झालं.

"चाची, अजून काय सांगायचं राहिलं का?"

रहेमतबी पायरीवर चपला घालत होती. तिनं थोडा विचार केला.

"त्या मधल्या कपाटाचं दार जरा वर उचलून लाव. न्हाईतर लागत न्हाई."