समुद्रातलं दुकान

स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाकडे माल कधी टिकत नाही. माल आला की मागणारा दारात उभाच असतो. टिकतात ते किस्से. ते वाटले तरी संपत नाहीत आणि ठेवायला गोदामही लागत नाही. नौदलातली नोकरी संपवून मी तुमसरला राहायला आले, तेव्हा सामान जेमतेम एका खोलीत मावेल एवढं होतं. किस्से मात्र अजून निघतातच. परवा मैत्रिणींनी चहावर पुन्हा गाठलं. "सांग ना जहाजावरचं काही." त्यांना अजून वाटतं मी तोफा डागत होते. मी बटाटे चढवत होते.

म्हणजे असं, की नौदलात लॉजिस्टिक्स नावाची शाखा असते. जहाजाला जे जे लागतं, पीठ, डाळ, डिझेल, दोरखंड, पंपाचे सुटे भाग, बूट, ते सगळं वेळेवर आणून ठेवणं हे तिचं काम. मी त्या शाखेत अधिकारी होते. जहाजावर बोलणं हिंदी-इंग्रजीत चालायचं, पण मी आपलं मराठीतच सांगते.

*

माझं गाव तुमसरजवळचं चिखला. बाबा तिथल्या मँगनीजच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होते. आम्ही कामगारांच्या वसाहतीत राहायचो. माझी निवड झाल्याचं कळलं आणि अख्खी वसाहत पेढे खायला आली.

शेजारच्या सुखमाकाकूंनी विचारलं, "काय वं पोरी, बंदूक चालवशील का तू?"

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. बंदूक नाही काकू, मी जहाजावर लागणारं सामान बघणार. धान्य, भाजी, कपडे, मशीनचे पार्ट.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "अवं, दुकानच टाकाचं होतं त तुमसरले टाकाचं होतं ना. समुद्रात कायले जाऊन राहिली पोट्टी?"

आईनं काकूंच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला.

*

पहिल्या जहाजावर गेले तेव्हा एक गोष्ट कळली. जवानांना वाढण्याआधी जेवण अधिकाऱ्याने चाखायचं असतं. ते काम माझ्याकडे आलं.

आमचा स्वयंपाकी होता बलराम, ओडिशाचा. अबोल माणूस. जहाज खुल्या समुद्रात निघालं त्याच दुपारी तो माझ्यासमोर कोबीच्या भाजीचा चमचा घेऊन उभा राहिला. जहाज डुलत होतं. मागे जवान ताटं घेऊन रांगेत उभे होते आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे.

मी चमचा तोंडात घातला आणि तोंडावर हात दाबून बाहेर धावले.

परत आले तेव्हा निम्मी रांग न जेवताच पसार झाली होती. बलराम माझ्याकडे न बघता पातेलं ढवळत होता.

संध्याकाळी कॅप्टननी बोलावलं. "राऊत," ते म्हणाले, "तुम्हाला जेवण चाखायला सांगितलं होतं. त्याच्यावर इतकं स्पष्ट मत द्यायची गरज नव्हती."

मी बलरामची माफी मागायला गेले. त्यानं मला आल्याचा तुकडा आणि मीठ दिलं. म्हणाला, "उद्या रांगेच्या आधी या. एकट्याच."

*

सतवीर नावाचा हरयाणाचा एक नौसैनिक आमच्याकडे आला. दारातून आत येताना त्याला वाकावं लागायचं. त्याच्या पायाच्या मापाचे बूट मुळात बनतच कमी. मी सगळीकडे विचारून थकले. शेवटी तो आपल्या स्पोर्ट्स शूजना काळं पॉलिश फासून परेडला उभा राहू लागला. लांबून खपून जायचं.

मग ॲडमिरल साहेबांची पाहणी जाहीर झाली. मी सतवीरला शेवटच्या रांगेत, सर्वांत टोकाला उभं केलं.

साहेब रांगांमधून सावकाश फिरले आणि नेमके त्याच्यासमोर थांबले. खाली पाहिलं. पुन्हा वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुढे गेले. आमचे कॅप्टन मात्र माझ्याकडे बघत राहिले.

आठवड्याभरानं ॲडमिरलच्या ऑफिसातून एक खोकं आलं. आत वापरलेले पण आरशासारखे चकचकीत बूट होते. सतवीरनं घातले, अगदी बरोबर बसले.

मी आभार मानायला फोन केला. साहेबांच्या सहायकाने घेतला. तो म्हणाला, "साहेबांचाही हाच नंबर आहे. तरुणपणी तेही मागच्या रांगेतच असायचे."

*

किनाऱ्यावरच्या गोदामात जोसेफ नावाचे एक गृहस्थ होते. मी त्यांना फक्त आवाजानं ओळखत होते. त्यांचं प्रत्येक बोलणं एकाच वाक्यानं सुरू व्हायचं, "स्टॉकमध्ये नाही, मॅडम." मग मी भांडायचे, ते ऐकून घ्यायचे, आणि काही दिवसांनी वस्तू यायची. मनातल्या मनात मी त्यांचा चेहरा रंगवला होता, चांगला झुपकेदार मिशांचा.

एकदा आम्ही किनाऱ्यापासून बरेच लांब होतो आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राच्या पंपाचं सील, म्हणजे गळती रोखणारं कडं, गेलं. आमच्याकडचं दुसरं सील बसेना. टाक्या उतरायला लागल्या. आधी अंघोळी बंद झाल्या, मग दाढ्या. कॅप्टनच्याच गालावर खुंट दिसायला लागल्यावर जहाजावरची थट्टा थांबली. चारही बाजूंनी पाणी, आणि इंजिनरूममधून घामानं भिजून आलेला माणूस प्यायला अर्धाच पेला घ्यायचा. बंदर गाठायचं तर काम अर्धवट सोडून परतावं लागणार होतं.

मी सॅटेलाइट फोनवरून जोसेफना गाठलं. एका दमात सगळं सांगितलं आणि त्यांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघितली.

ते म्हणाले, "थांबा."

एवढंच. आणि फोन ठेवला. मला काही सुचेना. कॅप्टनना काय सांगायचं तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेलिकॉप्टर आलं आणि दोरीनं एक पिशवी डेकवर उतरली. आत एकाऐवजी तीन सील होती. संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा मोठमोठे बाप्ये पोरांसारखे बादल्या घेऊन धावले.

मी फोन केला. "जोसेफसाहेब, मी एकच मागितलं होतं."

"एकच पाठवलं असतं तर तुम्ही परत फोन केला असता," ते म्हणाले.

पुढे माझी बदली किनाऱ्यावर झाली तेव्हा मी मुद्दाम त्या गोदामात गेले. एक बारीकसे, बिनमिशांचे गृहस्थ शिडीवर पाठमोरे उभे होते. मी खालून म्हटलं, "जोसेफसाहेब?"

ते वळलेसुद्धा नाहीत. "स्टॉकमध्ये नाही, मॅडम."

*

त्याच्या आधीची गोष्ट, मी जहाजावर असतानाची. पूर्व किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं होतं. आम्हाला मदतीचं सामान भरून तातडीनं निघायचं होतं. तांदूळ, पाणी, ताडपत्र्या, दूध पावडर, औषधं असा माल धक्क्यावरून चढत होता. त्यात मी सॅनिटरी पॅडची आणि सुती गाऊनची खोकी घातली.

धक्क्यावर एक वरिष्ठ अधिकारी उभे होते. त्यांनी खोकं उघडून पाहिलं आणि लगेच बंद केलं. "हे मागितलं कोणी?"

"कोणीच नाही, सर," मी म्हटलं. "मागण्या कळवणारे सगळे पुरुष आहेत."

आमचे कॅप्टन बाजूलाच होते. ते समुद्राकडे बघत म्हणाले, "चढवा."

वादळानं झोडपलेल्या एका बेटावर आम्ही उतरलो, तिथं शाळेच्या इमारतीत छावणी होती. सामान वाटायला लागलो तर रांगेत नुसते पुरुष. बायका वर्गांत बसलेल्या, कोणी बाहेर येईना. मी माझी खोकी शाळेच्या मागच्या अंगाला नेली आणि एक उघडून तिथंच जमिनीवर बसले. कोणालाही बोलावलं नाही. बऱ्याच वेळानं एक म्हातारी आली. तिनं खोक्यात डोकावलं, माझ्या गणवेशाकडे पाहिलं, आणि तशीच परत गेली. मला वाटलं, चुकलंच आपलं.

मग ती सगळ्यांना घेऊन आली. ओल्या लुगड्यांवर दिवस काढलेल्या बायका होत्या त्या. एकीनं गाऊन छातीशी धरला आणि तशीच उभी राहिली. माझी भाषा तिला येत नव्हती, तिची मला नाही. खोकी बघता बघता रिकामी झाली.

पुढच्या वादळात पुन्हा तेच जहाज, तेच कॅप्टन. माल चढत असताना वरून इंटरकॉमवर त्यांचा आवाज आला. "राऊत, ती... खोकी चढली का?"

"कोणती, सर?" मी मुद्दाम विचारलं.

"तीच," ते म्हणाले. "सगळ्यांत आधी चढवा."

*

वर्षातून एकदा घरच्यांना जहाजावर बोलवायचे. आईबाबा चिखल्याहून आले. आई मूळची बपेऱ्याची, धान लावणाऱ्या घरातली. डेकवर उभी राहून तिनं चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाली, "एवढं पानी, अन् सारं खारं. काय उपेगाचं." त्यानंतर तिनं समुद्राकडे पाठ करून डबा सोडला.

बाबांना डेकवर करमेना. म्हणाले, "तू कोठी बसतेस ते दाखव." माझं स्टोअर जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्या खाली. तिथं उतरताना पाहुणे हमखास घाबरतात. बाबा शिड्यांवरून असे उतरले, जणू रोजचंच. खाली आल्यावर त्यांनी खाणीतल्या सवयीनं छताकडे पाहिलं. तेवढ्यात फेरीवर असलेले कॅप्टन आले. मी ओळख करून दिली. कॅप्टननी आपुलकीनं विचारलं, जहाज कसं वाटलं, काही विचारायचं आहे का.

बाबा म्हणाले, "एक विचारतो, साहेब. ह्या शिडीचा रस्ता बंद झाला त पोरगी वर कुठून येईन?"

मी हिंदीत सांगायच्या आधीच कॅप्टनना कळलं होतं. त्यांनी स्वतः कोपऱ्यातलं झाकण उघडलं, दुसरी शिडी दाखवली. बाबा त्या शिडीनं वरपर्यंत चढून गेले आणि परत खाली आले. धाप लागली होती.

"ठीक हाय," ते कॅप्टनना म्हणाले. "मंग राहू द्या हिले."

*

निखिल आमच्या जहाजावर इंजिनकडे होता. आमच्याच जिल्ह्यातल्या, लाखांदूरजवळच्या एका खेड्यातला. तरणाबांड पोरगा, कामावर असतानाच हृदय बंद पडून गेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. कॅप्टननी मला बोलावलं. "तुम्ही जा त्याला घेऊन. घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणीतरी हवं."

नागपूरपर्यंत विमान, पुढं गाडी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान उभं होतं. गावाच्या वेशीपासून माणसं दुतर्फा उभी होती. भन्तेजींनी बुद्धवंदना घेतली, जवानांनी मानवंदना दिली. सगळं आटोपल्यावर निखिलच्या आईनं मला घरात बोलावलं. पुढच्या छपरीत, ओसरीसारख्या जागेत, चटईवर बसवलं, पाणी दिलं. तिचे डोळे कोरडे होते.

"तुमी तेथी काय काम करता, बाई?"

"जहाजावरचं सामान बघते. जेवणखाण सगळं माझ्याकडंच आहे."

ती सरकून जवळ आली. "मंग तुमाले ठाऊक असन. त्या दिवशी तो जेवला होता का?"

त्या दिवशी काय शिजलं होतं ते मला ठाऊक होतं. कोण जेवलं आणि कोण नाही, हे मला कधीच कळत नसे. एवढी माणसं ताटं घेऊन पुढून जायची.

"जेवला होता," मी म्हटलं. "दोनदा भात घेतला त्यानं."

तिनं आत वळून नवऱ्याला हाक मारली. "अवो, आयकलं का? जेवला होता म्हणते. दोनदा भात घेतला." तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं नुसती मान हलवली.

"मंग वरण चांगलं झालं असन," ती मला म्हणाली. "वरण जमलं नसलं त तो दुसऱ्यानं भात घेतच नव्हता. घरीबी तसाच."

"चांगलं झालं होतं."

"कोनं रांधलं होतं?"

"बलराम म्हणून आमचा स्वयंपाकी आहे. त्यानं."

"त्याले सांगजा," ती म्हणाली. "वरण चांगलं झालं होतं म्हना. निखिलच्या आईनं सांगतलं म्हना."

जहाजावर परतल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले. बलराम कणीक मळत होता. मी निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्याचे हात परातीत तसेच थांबले.

"मॅडम," तो म्हणाला, "त्या दिवशी तर राजमा होता."

"हो," मी म्हटलं. "पण निरोप तुलाच आहे."