नवाबमार्फत

माझ्या थोरल्या दिरांइतका भिडस्त माणूस साऱ्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. माझ्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण भाऊजी माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते. रागानं नव्हे, मर्यादेनं. मी भाजीचं पातेलं घेऊन पुढ्यात उभी असले, तरी ते जाऊबाईंना म्हणायचे, "त्यांना सांग, मीठ कमी हाय." जाऊबाई माझ्याकडे बघून हसायच्या आणि मी मीठ घालायची. मग जाऊबाई गेल्या आणि दौलताबादच्या त्या घरात निरोप पोचवायला कोणी उरलं नाही. तेव्हा भाऊजींनी ते काम जाऊबाईंच्या लाडक्या सशावर, नवाबावर सोपवलं. त्याला मांडीवर घ्यायचं, नजर त्याच्या कानांवर ठेवायची आणि म्हणायचं, "नवाब, त्यांना विचार, येताना त्रास नाय ना झाला?" नवाब पाला खात राही आणि मी "नाही झाला" म्हणून सांगे. कुणाकडे बघून सांगावं, ते मात्र मला कधीच नीट कळलं नाही.

नवाब म्हातारा झाला तसा भाऊजींना घोर लागला. जाऊबाईंच्या हातचा तेवढाच एक जीव. त्याचं एखादं तरी पिल्लू घरात राहायला हवं होतं. जाई आणि जुई अशा दोन पांढऱ्याशुभ्र माद्या आणल्या, पण त्या दोघी तापट. नवाब जवळ गेला की चावून पळवून लावत. मग भाऊजी कुठल्याशा शिबिरात जाऊन कृत्रिम रेतन शिकून आले. त्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे माझ्याशी बोलणं. कारण वीर्य तपासायला मायक्रोस्कोप लागतो, आणि मी शहरात, गुलमंडीजवळच्या एका लॅबमध्ये काम करते. एके सकाळी भाऊजी काखेत बाटली दाबून लॅबच्या काउंटरवर हजर. "आतल्या बाईंना सांगा, नवाबचं हाय. गार होऊ देऊ नका." काउंटरवरच्या मुलीनं नाव लिहिलं, वय विचारलं. "पाच," भाऊजी म्हणाले. तिनं पेन खाली ठेवलं. मी घाईनं भिंगाखाली पाहिलं, पण दौलताबादहून स्कूटरवर येईपर्यंत सगळं थंड पडलं होतं.

म्हणून रविवारी लॅबमधला जुना मायक्रोस्कोप घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. नवाबला मादी वाटावी म्हणून भाऊजींनी हाताला पांढरी मफलर गुंडाळली, वीर्य धरायला कोमट पाण्याची नळी घेतली, आणि नवाबसकट आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. बाहेर आले ते पाठमोरेच. हात मागं करून मला बाटली दिली. भिंगाखाली या वेळी जत्रा भरली होती. "हलतायत!" मी ओरडले, तशी भाऊजींची मान आणखी खाली गेली. आता ते पातळ करून नळीनं जाईला द्यायचं आणि लगेच तिलाच एक सुई टोचायची. सशाच्या मादीत नराची संगत झाल्याशिवाय बीज सुटत नाही. संगत झाल्याचा भास ती सुई करून देते. भाऊजी नवाबला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "नवाब, आता द्या म्हणावं." मी जाईला उचललं, दिलं, पिंजऱ्यात ठेवलं आणि सुई भरली. "आता तिला टोचा म्हणावं." तिला म्हणजे कुणाला? पिंजऱ्यात दोन पांढरे गोळे. विचारायचं तर नवाबला विचारावं लागणार. पुढं बसली होती तिला उचललं आणि टोचलं.

पंधरवड्यानं नवाब गेला. भाऊजींनी फोनवर माझ्या नवऱ्याला तेवढंच सांगितलं, आणि "पण जाई हाय" म्हणाले. तीन दिवसांनी पुन्हा फोन. "त्यांना सांग, जुईनं छातीचे केस उपटून घरटं केलंय! दिलं जाईला आन् गाभण जुई, मला काय कळंना. पण लई आनंद झाला बघ." नुसती सुई टोचलेली मादी स्वतःला गाभण समजते आणि निम्म्या दिवसांतच घरटं करते. नळी जाईला आणि सुई जुईला, म्हणजे पिल्लं कुणालाच नाहीत. "अभिनंदन म्हणू का?" नवऱ्यानं विचारलं.

मी दौलताबादला गेले. जुई आपल्या केसांच्या गादीवर रिकामीच पसरून बसली होती आणि भाऊजी तिच्यापुढं. मी पिंजऱ्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. "चूक माझी झाली," म्हणताना मला रडूच आलं.

"तुझी नाय, माझी. भिंतीकडं तोंड करून बोलल्यावर कुणाला कळंल?" शेजारून आवाज आला. "सुनंदा, बस जरा. च्या टाकतो."

मी गोंधळून आजूबाजूला पाहिलं, ते कुणाला सांगतायत म्हणून. तिथं दुसरं कोणी नव्हतं. भाऊजी सरळ माझ्याकडे बघत होते.

मी बसले. त्यांनी चहा आणून दिला. साखर कमी होती. कुणामार्फत सांगावं ते कळेना, म्हणून तसाच प्यायले.