पाइपच्या मागच्या दहा जागा

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझ्या डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार आहे. पन्नाशी उलटल्यावर खांदेही दुखायला लागले, म्हणून लांब जायचं असलं की मी व्हीलचेअर वापरते. दुबईत अल बर्शातल्या एका ऑफिसात ड्रॉइंग तपासायचं काम करते. हे आधीच सांगून टाकते, कारण स्टेडियमच्या प्रकरणात सगळे म्हणायचे, मॅडमचा हा स्वतःचा प्रश्न आहे. होताच. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

बेसबॉलचं छोटं स्टेडियम होतं ते, शहराच्या ऐन मध्यावर, टॉवर्सच्या बेचक्यात. खेळणारे संघही छोट्या लीगचे. आमच्या ऑफिसात बेसबॉल कुणालाच कळत नव्हता. क्रिकेटवरून अंदाज बांधत आम्ही प्रेक्षकांच्या रांगा काढत होतो. एवढं मात्र शिकलो, की बॅटर उभा राहतो ती होम प्लेट, आणि तिच्या मागच्या जागा सगळ्यांत महाग.

व्हीलचेअरसाठी दहा जागा होत्या. इथे सरकारी भाषेत आम्हाला 'पीपल ऑफ डिटर्मिनेशन' म्हणतात, म्हणजे निश्चयी माणसं. ड्रॉइंगमध्ये ही निश्चयी माणसं पार टोकाच्या कोपऱ्यात बसवली होती आणि त्यांच्यापुढे रेलिंग होतं. मी चेअरमध्ये बसून शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडून टेपनं मोजून घेतलं. माझे डोळे जमिनीपासून अकराशे दहा मिलिमीटरवर आणि ड्रॉइंगमध्ये रेलिंगचा वरचा पाइप अकराशेवर, म्हणजे खाली मैदानाकडे पाहिलं की डोळ्यांसमोर पाइपच.

आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"मॅडम, नियमात बसतंय ते," तो म्हणाला.

"नियमात बसत असेल. पण मी तिथे बसले की मला मॅच दिसत नाही."

"सबमिशन आज आहे. तुम्ही सही करा, नंतर बघू. इन्शाल्ला."

त्याच्या तोंडी इन्शाल्ला म्हणजे 'विसरा', हे मला पाठ झालं होतं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या सहीचा चौकोन असतो. तो मी कोरा ठेवला.

"ही तुमची ड्यूटी आहे," तो म्हणाला.

"तपासणं ही माझी ड्यूटी. तपासलं, आणि चुकलंय असं दिसलं. तुम्हाला बरोबर वाटत असेल तर तुम्ही सही करा."

त्यानंही केली नाही. ड्रॉइंग सहीविनाच गेलं.

संध्याकाळी शारजात अल मजाजला घरी पोचून हे सांगितलं, तर मुलगी लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाली, "आई, जस्ट साइन इट. दे विल फायर यू." इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो, आणि माझ्या व्हिसावर तिचाही व्हिसा आहे. मला भीती वाटत होती. पण आयुष्यभर 'तुमची सोय केलीय' म्हणून ज्या ज्या कोपऱ्यात मला नेऊन बसवलं, ते सगळे कोपरे मला आठवत होते. आता त्यातला एक मीच पास करायचा? ते मला जमणार नव्हतं.

तीन दिवसांनी ते ड्रॉइंग परत आलं. स्टेडियमच्या मालकाच्या अमेरिकन सल्लागारानं कोऱ्या चौकोनाभोवती लाल गोल काढून विचारलं होतं, हे कुणी तपासलं? मी मॅनेजरला ईमेलच्या कॉपीत ठेवून थेट उत्तर दिलं: मी तपासलं, म्हणूनच सही नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या फॅक्टरीत रेलिंगचा नमुना उभा केला होता. सल्लागारानं आम्हा दोघांना तिथे बोलावलं. मी माझी चेअर पाइपसमोर लावली, कॅलिपरचा गुडघ्याचा लॉक लावून उठले आणि मॅनेजरला म्हटलं, "बसा."

तो अवघडून बसला. "मला दिसतंय की."

"तुम्ही सहा फूट आहात. माझ्याएवढे व्हा."

तो खाली सरकला.

"आता काय दिसतं?"

त्यानं समोर पाहिलं. "पाइप," तो म्हणाला.

सल्लागारानं वाकून त्याच उंचीवरून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पूर्ण विजय वगैरे झाला नाही. दहापैकी पाच जागा होम प्लेटच्या मागे आल्या, पुढे रेलिंगऐवजी काच बसली. उरलेल्या पाच कोपऱ्यातच राहिल्या, फक्त पाइप खाली आला. मला त्या कामावरून काढून एका बहुमजली पार्किंगवर टाकलं. "खलास मॅडम, आता शांततेत काम करा," मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, पार्किंगलाही लिफ्ट लागतेच.

पहिल्या मॅचला मुलगी माझ्याबरोबर आली. होम प्लेटच्या मागे बसून मी पूर्ण खेळ पाहिला. कळला काहीच नाही, पण चेंडू बॅटला लागताना दर वेळी दिसला. खेळ मध्ये थांबला तेव्हा मी चेअरची चाकं फिरवत त्या कोपऱ्यात जाऊन आले. तिथे एक म्हातारे गृहस्थ चेअरमध्ये होम प्लेट दिसावी म्हणून मान लांब करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाच जागाही होम प्लेटच्या मागे आणाव्यात म्हणून स्टेडियमच्या मालकाकडे अर्ज लिहिला. मुलीनं त्यातलं इंग्रजी तपासून दिलं. अजून उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला पाठवते आहे.